विद्यापीठ वस्तीत येतं तेव्हा : बरोबरीच्या भागीदारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजातून वस्तीवर, पाड्यावर, गावात जाणारे विद्यार्थी आणि प्राध्यापक हे पान वाचतील, तसंच ज्यांच्या दारात ही मंडळी वही-पेन किंवा टॅब घेऊन उभी राहतात ते रहिवासी, बचतगट, ग्रामसभा आणि कामगार संघटनाही वाचतील, अशी माझी अपेक्षा आहे. हे प्रश्न बैठकांमध्ये, प्रशिक्षणांमध्ये आणि चहाच्या टपरीवर मला पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. उत्तरं देताना माझा कल वस्तीकडे आहे, हे आधीच सांगते. विद्यापीठाकडे इमारत आहे, पगार आहे, लेटरहेड आहे. वस्तीकडे यातलं काहीच नसतं. म्हणून दोघांना एकसारखे नियम लावले की पारडं विद्यापीठाकडेच जातं.

भागीदारी म्हणजे नेमकं काय? एनएसएसचं शिबिर, दत्तक गाव हे तेच ना?

तेच नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. सात दिवसांच्या शिबिरात मुलं बंधारा बांधतात, रस्ता झाडतात, गावात जेवतात. अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरची भाकरी तिथेच खाल्ली असेल. ही सेवा आहे आणि सेवा म्हणून ती चांगलीच आहे. २०१४ साली सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात उच्च शिक्षणसंस्थांनी किमान पाच गावं निवडून त्यांच्यासोबत काम करावं, अशी कल्पना आहे.

मला खटकतो तो ‘दत्तक’ हा शब्द. दत्तक मूल घेतात. तीनशे वर्षं नांदणाऱ्या गावाला पंचवीस वर्षांपूर्वी निघालेलं कॉलेज दत्तक कसं घेणार? त्या गावातल्या बायकांना कोणत्या विहिरीचं पाणी मार्चमध्ये आटतं हे माहीत असतं. कॉलेजच्या नोंदवहीत ते नसतं.

भागीदारी ओळखायला मी तीन गोष्टी विचारते. काय अभ्यासायचं, हे कोणी ठरवलं? पैसा कुठे खर्च होणार, हे कोणी ठरवलं? आणि काम थांबवायचं असेल तर तो अधिकार कोणाला आहे? तिन्हींचं उत्तर ‘विद्यापीठ’ असेल तर त्याला सेवा म्हणा, विस्तारकार्य म्हणा, संशोधन म्हणा, पण भागीदारी म्हणू नका.

आपल्याकडे असं खरोखर कुठे झालं आहे का?

झालं आहे, आणि पुण्यातच. मी सगळ्यांना हेच उदाहरण सांगते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या, म्हणजे एसएनडीटीच्या, पुण्यातल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी साक्षरतेचं काम हाती घेतलं. ठरलेला कार्यक्रम साधा होता : मुलांना अक्षरओळख करून द्यायची. विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर कचरा वेचायला जाऊ लागल्या. तिथे त्यांना दिसलं की या कुटुंबांची पहिली अडचण अक्षरांची नाहीच. दिवसाचे कितीतरी तास उकिरड्यात हात घालायचा, वर चोर म्हणून हटकलं जायचं, भंगारवाल्याच्या काट्यावर वजन कमी भरायचं, आणि हे ‘काम’ आहे असं कोणीच मानायचं नाही. वेचणाऱ्यांत बहुतेक बाया दलित समाजातल्या. दुष्काळाने किंवा नवऱ्याच्या मागे संसार ओढायच्या गरजेने शहरात आलेल्या.

साक्षरतेचा कार्यक्रम तिथेच वळला. ओला-सुका कचरा घरातच वेगळा झाला आणि सुका माल थेट वेचक बाईच्या हातात आला, तर तिचे तास वाचतील, माल स्वच्छ मिळेल, कमाई वाढेल, असं गणित मांडून काही सोसायट्यांमध्ये ते करून पाहिलं. बायांना ओळखपत्रं दिली. काम बसू लागलं, तोच एका उद्योजकाने त्याच भागात गाडी लावून कचरा उचलण्याची योजना आणली. म्हणजे बायांच्या हातचा माल जाणार. बाया रस्त्यावर उतरल्या. हमालांची संघटना असलेल्या हमाल पंचायतीचे नेते बाबा आढाव सोबत आले. मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांचा मेळावा झाला, आठशेहून अधिक वेचक आले, आणि त्यातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही वेचकांची संघटना उभी राहिली.

पुढचा प्रवास अनेकांना माहीत आहे. पुणे महापालिकेने १९९० च्या दशकाच्या मध्यात वेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. संघटनेची पतसंस्था झाली, भंगाराचं दुकान झालं. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांना मिळणारी शिष्यवृत्ती वेचकांच्या मुलांनाही मिळावी, म्हणून संघटना भांडली आणि ती मिळवली. २००७ मध्ये वेचकांचीच सहकारी संस्था ‘स्वच्छ’ नोंदली गेली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार झाला. आज पुण्यात सकाळी दारावर बेल वाजवणारी ताई त्या संस्थेची सभासद आणि मालक असते. दुर्दैवाने पुष्कळ पुणेकरांना ती महापालिकेची नोकर वाटते.

पण हे तर वेचकांनीच केलं. त्यात विद्यापीठाचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. लढा बायांचा होता, संघटना बायांची होती. पण विद्यापीठाने चार गोष्टी दिल्या, आणि त्या प्रत्येक विद्यापीठाला देता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे पगारी माणसाचा वेळ. वस्तीत वर्षानुवर्षं जाणाऱ्या कार्यकर्त्याचं पोट कशावर चालतं, हा प्रश्न प्रत्येक संघटनेला सतावतो. इथे सुरुवातीच्या काळात ते विद्यापीठाच्या विभागाच्या पगारावर चाललं. दुसरी, विद्यापीठाचं नाव. पोलिसांनी हटकल्यावर बाईने दाखवलेल्या ओळखपत्रामागे एका जुन्या महिला विद्यापीठाचं वजन होतं. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी काढलेल्या संस्थेचं नाव कचरा वेचणाऱ्या बाईच्या छातीवर लटकलं, हे मला त्या विद्यापीठाच्या इतिहासातलं मोठं पान वाटतं.

तिसरी गोष्ट म्हणजे संघटनेच्या कामी येणारं संशोधन. २००१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात वेचकांच्या कामामुळे महापालिकेचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब मांडला गेला. ‘आम्ही घाण करत नाही, घाण उचलतो’ असं बाया पहिल्यापासून म्हणत होत्या. आता ते रुपयांत, छापील स्वरूपात, महापालिकेच्या टेबलावर ठेवता आलं. आयुक्तापुढे बोलायला बाईकडे आकडा असणं फार मोठी गोष्ट आहे. पुढे महापालिकेने वेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरला, तो या युक्तिवादाच्या बळावर.

चौथी आणि सगळ्यात अवघड गोष्ट : विद्यापीठाने आपला ठरलेला कार्यक्रम बदलू दिला. साक्षरता वर्गाची पटसंख्या दाखवा, असा आग्रह कोणी धरला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

आमच्या वस्तीत दरवर्षी मुलं सर्व्हे करायला येतात. त्यांना ‘नाही’ म्हणता येतं का?

हो, येतं. कारणसुद्धा द्यावं लागत नाही. आणि ‘नाही’ म्हटल्यामुळे तुमचं रेशन, घरकुल, पाण्याचं कनेक्शन यातलं काहीही अडू शकत नाही. कोणी तसं सुचवत असेल तर तो सर्व्हे तिथेच थांबवायला सांगा.

मी विद्यार्थिनी असताना आमच्या कॉलेजने अशाच एका वस्तीत आम्हाला पाठवलं होतं. सत्तेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली होती. एका आजींनी पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरं दिली आणि विचारलं, “मागच्या साली बी पोरी आल्या हुत्या, हेच विचारून गेल्या. त्याचं काय झालं गं?” मला उत्तर देता आलं नाही. मागच्या वर्षीचे फॉर्म कॉलेजच्या माळ्यावर गठ्ठ्यात बांधून ठेवले होते, हे मला नंतर कळलं. कोणी ते सोडलेसुद्धा नव्हते. त्या आजींचं घरकाम आणि अर्धा तास मी फुकट घेतला. आज इतक्या वर्षांनीही तो अर्धा तास मला आठवतो.

हा प्रश्न आता जास्त गंभीर होणार आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला आणि कम्युनिटी एंगेजमेंटला, म्हणजे वस्तीत जाऊन केलेल्या कामाला, क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) आले आहेत. कल्पना उत्तम आहे. पण एका शहरातल्या सगळ्या कॉलेजांनी जवळच्याच दोन-तीन वस्त्या गाठल्या, तर तिथल्या माणसांचं काय होईल? क्रेडिट विद्यार्थ्याला मिळतात, सकाळ वस्तीची जाते. प्राचार्यांनी एवढं तरी करावं : आपापसांत बोलून कोणत्या कॉलेजने कुठे, किती वर्षं जायचं हे ठरवावं आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना आधीच्या वर्षीच्या नोंदी वाचूनच पाठवावं.

संशोधनाचा प्रश्न लोकांनी ठरवायचा म्हणजे कसा? त्यांना संशोधन कुठे माहीत असतं?

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहा. गोंड आदिवासींचं लहानसं गाव. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांच्या सोबतीने १९८० च्या दशकापासून तिथे ‘अभ्यासगट’ ही पद्धत रुजली. गावाला पडलेल्या प्रश्नावर गावातली माणसं बसतात, लागेल तिथे बाहेरचा जाणकार बोलावतात, माहिती मिळवतात, घासून-पुसून पाहतात. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने. जाणकार अभ्यासगटात बोलतो, निर्णयात त्याचं मत नाही. मला ही रचना अतिशय शहाणपणाची वाटते, कारण ज्ञान आणि सत्ता यांची गल्लत ती होऊ देत नाही.

मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, जंगल किती आणि कसं वापरायचं, कायद्यात आपले हक्क काय आहेत, असे विषय त्यांनी अभ्यासले. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मेंढ्याने मिळवला. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ज्या गावाला ‘संशोधन कुठे माहीत असतं’ असं आपण म्हणू, त्या गावाने देशाच्या वनप्रशासनाला वाट दाखवली.

त्याच जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेने काय केलं तेही बघण्यासारखं आहे. सर्च विद्यापीठ नाही, पण संशोधन कसं करावं हे विद्यापीठांनी तिथून शिकावं. लोकांना मोठ्या इस्पितळाची भीती वाटते हे ऐकल्यावर त्यांनी दवाखाना पाड्यासारखा, झोपड्यांच्या धाटणीचा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. नवजात बाळांच्या मृत्यूवरचं त्यांचं प्रसिद्ध काम ३९ गावांमध्ये झालं. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. तो निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि पुढे आशा ताईंच्या घरभेटींमध्ये देशभर गेला. घरातच बाळंत होणाऱ्या बाईला तिच्या घरातच उपचार कसा मिळेल, या प्रश्नापासून हे सगळं सुरू झालं.

लेखी करार करावा का?

करा. मराठीत करा, आणि गोंडी, कोरकू, भिली, पारधी बोलणाऱ्यांना तो त्यांच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवा. ‘एमओयू’ (सामंजस्य करार) म्हणून कॉलेजात जे चार पानी इंग्रजी कागद फिरतात, त्यात वस्तीचा उल्लेख ‘लाभार्थी’ असा एकदा येतो आणि उरलेली साडेतीन पानं दोन संस्थांच्या लोगोंची असतात.

साध्या शब्दांत एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं : प्रश्न काय आहे आणि तो कोणाच्या बैठकीत ठरला, कोण कोण येणार आणि किती दिवस, पैसे किती आले आणि कोणाला किती, मिळालेली माहिती कोणाकडे राहणार, छापण्याआधी वस्तीला दाखवणार का, लेखात नावं कोणाची, वस्तीला काम थांबवायचं असेल तर कोणाला सांगायचं. शेवटच्या मुद्द्यासमोर एका माणसाचं नाव आणि फोन नंबर हवा. ‘विभाग’ असं लिहिलं तर फोन कोणीच उचलत नाही. प्राध्यापकाची बदली झाली, ते निवृत्त झाले, तर पुढे कोण, हेही लिहून घ्या. बहुतेक भागीदाऱ्या भांडणाने नाही, बदलीने मरतात.

वस्तीतल्या माणसांना पैसे दिले तर संशोधन बिघडत नाही का?

प्राध्यापक हे मला दबक्या आवाजात विचारतात. उत्तर देणाऱ्याला मोठी रक्कम देऊन भुरळ घालू नये, हा संकेत योग्य आहे. पण बुडालेली मजुरी भरून देणं आणि आमिष दाखवणं यात फरक आहे. मजूर बाई बैठकीला आली तर तिचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडाला. त्याच बैठकीला आलेल्या प्राध्यापकाचा पगार चालू आहे, प्रवासभत्ता वेगळा मिळतो. आरोग्य संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा खर्च आणि बुडालेला वेळ भरून द्यायला मनाई करत नाहीत.

वस्तीतली मुलगी घरोघर फिरून माहिती गोळा करत असेल तर ती ‘स्वयंसेविका’ नव्हे. तिला संशोधन साहाय्यक म्हणा, तसा दाखला द्या आणि तसं मानधन द्या. हे बजेटमध्ये पहिल्या दिवशी मांडावं लागतं. नंतर हेड (खर्चाचं शीर्षक) बदलता येत नाही, हे ज्याने एकदा युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे निधी कसा वापरला याचा दाखला, भरला आहे त्याला सांगायला नको.

आमचं रक्त, आमच्या मुलाखती, आमचे फोटो. यांचा मालक कोण?

अमेरिकेतली गोष्ट आहे. ग्रँड कॅन्यनच्या खोल दरीत हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं. लोकांनी विश्वासाने दिलं. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनियाच्या, रक्तसंबंधातल्या विवाहांच्या आणि ही जमात मूळची कुठून आली याच्या अभ्यासांना वापरलं गेलं. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्यांचा जन्म त्या दरीतच झाला आहे. रक्ताचा हा वापर त्यांना न विचारता झाला. २००३ मध्ये जमातीतल्या एका तरुणीला विद्यापीठातल्याच एका प्रबंधाच्या मौखिक परीक्षेला श्रोता म्हणून बसल्यावर ते कळलं. जमातीने विद्यापीठाला आपल्या भूमीवर यायला बंदी केली, खटला भरला, आणि २०१० मध्ये तडजोड झाली : ७ लाख डॉलर आणि उरलेले रक्ताचे नमुने परत.

ते नमुने ज्या दिवशी परत मिळाले त्या दिवशी जमातीतल्या म्हाताऱ्यांना काय वाटलं असेल, हे मी नेहमी मनात आणते. ते रक्त देणारे काहीजण तोवर वारले होते.

तर उत्तर असं : ज्या कामासाठी तुम्ही संमती दिली, त्याच कामासाठी ते वापरता येतं. दुसऱ्या कामासाठी पुन्हा विचारावं लागतं. आपल्याकडच्या २०१७ च्या तत्त्वांतही माणसाच्या जैविक नमुन्यावर त्याचा हक्क मानलेला आहे आणि संशोधनाचा लाभ समाजापर्यंत परत जावा, असं म्हटलं आहे. संमतीपत्राची एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी. अंगठा घेऊन कागद पिशवीत टाकला तर थांबवा आणि प्रत मागा. फोटोचंही तसंच : विद्यापीठाच्या अहवालावर, फ्लेक्सवर तुमच्या लेकराचा चेहरा छापायचा असेल तर वेगळं विचारावं लागेल.

आमच्या वैदूंना, भगतांना माहीत असलेल्या औषधी वनस्पतींचं काय?

वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) मध्ये, इंग्रजी प्रतीत ज्याला ‘के’ म्हणतात त्या कलमात, जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक विविधतेशी संबंधित पारंपरिक ज्ञानावर वननिवासी समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असते. ही नोंदवही प्रत्यक्षात गावाने लिहिली की ठेकेदार एजन्सीने कॉपी-पेस्ट केली, हे एकदा उघडून बघा.

आणि केरळचं उदाहरण वाचा. १९८७ मध्ये अगस्त्य पर्वतरांगेत फिरणाऱ्या शास्त्रज्ञांना वाटाड्या कानी आदिवासींनी थकवा घालवणारं एक फळ खायला दिलं. त्या ‘आरोग्यपच्चा’ वनस्पतीपासून तिरुअनंतपुरमजवळच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने ‘जीवनी’ हे औषध बनवलं. ते कोइम्बतूरच्या एका औषध कंपनीला १० लाख रुपये परवाना शुल्क आणि २ टक्के स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) दिलं, आणि त्यातला निम्मा वाटा कानी समाजाच्या न्यासाला द्यायचं ठरवलं. त्या काळी कायद्याने असं करणं बंधनकारक नव्हतं. संस्थेने स्वतःहून केलं, याबद्दल तिचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. तरी अडचणी आल्या. काही कानी वैदूंचं म्हणणं पडलं की, ज्ञान आमचं आणि विचारलं भलत्यालाच. वनस्पती जंगलातून काढायची की लावायची यावरून वनखात्याशी ओढाताण झाली. म्हणजे हेतू चांगला होता, वाटाही ठरला होता, पण ‘समाज’ म्हणून कोणाला विचारायचं हे नीट ठरलं नव्हतं.

मग ‘समाज’ म्हणजे कोण? सरपंचाने हो म्हटलं तर पुरे का?

पुरे नाही. गावात मराठावाडा वेगळा, बौद्धवाडा वेगळा, पारध्यांचा तांडा वेशीबाहेर. सरपंचाचा होकार बहुतेकदा मुख्य आळीचा होकार असतो. वस्तीतही नगरसेवकाचा माणूस, मंडळाचा अध्यक्ष आणि जुनी घरं यांचंच चालतं, भाडेकरूंना कोणी विचारत नाही. बायका मागे बसतात. शक्य तिथे त्यांची बैठक वेगळी घ्या, आणि ती संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नका.

समूहाने होकार दिला तरी प्रत्येक माणसाला स्वतंत्र विचारावं लागतंच. उलट, एकेकाने हो म्हटलं तरी समूहाला विचारायचं राहिलं, तर हवासुपाईंसारखं होतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या सान आदिवासी लोकांनी यावर स्वतःचा तोडगा काढला. हूडिया या भूक मारणाऱ्या वनस्पतीचं त्यांचं ज्ञान तिथल्या सरकारी संशोधन परिषदेने त्यांना न विचारता पेटंटमध्ये नेलं होतं. भांडून २००३ मध्ये त्यांनी वाट्याचा करार मिळवला. पुढे २०१७ मध्ये त्यांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी ही तिची मूल्यं, आणि येण्याआधी आमच्या मंडळाला विचारा ही तिची रीत. आपल्याकडच्या ग्रामसभांनी, भटक्या-विमुक्तांच्या संघटनांनी असं एक-दोन पानी काहीतरी का करू नये?

अहवाल इंग्रजीत आला. आम्ही काय करायचं?

मराठीत मागा. सार्वजनिक विद्यापीठांना माहितीचा अधिकार कायदा २००५ लागू आहे. सरकारी पैशातून झालेल्या प्रकल्पाचा अहवाल आणि हिशेब साध्या अर्जाने मागता येतो. पण मुळात ही वेळ येऊ नये. दहा पानांचा मराठी सारांश आणि वस्तीत एक संध्याकाळ, एवढं झालं तरी चुका तिथल्या तिथे निघतात. “हे चुकीचं लिवलंय, आमच्याकडं नळ दिवसाआड येतो” असं सांगणारी बाई पीएच.डी.च्या परीक्षकापेक्षा नेमकी असते.

मी तरुण प्राध्यापक आहे. यात माझं करिअर कसं होईल?

अवघड होईल, हे खरं सांगते. पदोन्नतीचे गुण शोधनिबंधाला मिळतात. वस्तीत दोन वर्षं फक्त ओळख होण्यात जातात आणि त्या दोन वर्षांचा शोधनिबंध होत नाही. मार्ग असा की एकट्याने जाऊ नका. आपल्या सार्वजनिक विद्यापीठांत आजीवन अध्ययन व विस्ताराचा विभाग असतो. तो पुष्कळदा प्रमाणपत्र अभ्यासक्रमांपुरता उरलेला असतो, पण तो आहे, त्याचं बजेट आहे. पुण्यातलं काम अशाच विभागातून उभं राहिलं. आयआयटी मुंबईत सितारा हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५ पासून आहे. तिथले एम.टेक.चे विद्यार्थी गावात राहून पाणी, शेती, ऊर्जेचे प्रश्न अभ्यासतात आणि त्यावर त्यांना पदवी मिळते. म्हणजे अभ्यासक्रमातच जागा केली तर विद्यार्थ्यालाही न्याय मिळतो.

आणि लेखात वस्तीतल्या सहकाऱ्याचं नाव सहलेखक म्हणून घालायला घाबरू नका.

वस्तीतली मुलं त्याच विद्यापीठात शिकायला का दिसत नाहीत?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो मला विद्यापीठातल्या कोणी कधी विचारलेला नाही. नेहमी वस्तीतलेच विचारतात.

१८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावर तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. तेव्हापासून पुष्कळ बदललं. राखीव जागा आल्या, शिष्यवृत्त्या आल्या. तरी वसतिगृह मिळत नाही, शिष्यवृत्ती परीक्षा संपल्यावर जमा होते, आणि पहिल्या वर्षीच पोरगं कामाला लागतं. जे विद्यापीठ वस्तीवर तीस प्रबंध लिहितं आणि वस्तीतलं एकही मूल पदवीपर्यंत नेत नाही, त्याच्या भागीदारीच्या दाव्यावर मी विश्वास ठेवत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ मध्ये निघालेल्या गोंडवाना विद्यापीठाने ‘विद्यापीठ आपल्या गावात’ म्हणून पदवीचं शिक्षण गावापर्यंत नेण्याचा उपक्रम हाती घेतला. शिक्षण अर्धवट सोडून शेतावर गेलेल्या माणसाला त्याच्याच गावात, त्याच्या सवडीच्या वेळेला वर्ग मिळावा ही दिशा मला पटते. प्रत्येक शहरी विद्यापीठाने शेजारच्या झोपडपट्टीसाठी असा रात्रीचा वर्ग का उघडू नये?

फसवणूक झाली असं वाटलं तर कुठे जायचं?

आधी करारात लिहिलेल्या माणसाकडे. आरोग्याचं संशोधन असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे (संशोधनातल्या नीतिनियमांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीकडे). तिचा संपर्क संमतीपत्रावर छापलेला असतो. मग कुलसचिवांना लेखी अर्ज, पोहोच घेऊन. एकट्याने जाऊ नका, बचतगटाच्या किंवा संघटनेच्या नावाने जा.

पहिली भेट कशी घ्यावी?

प्रश्नावली न घेता. ज्यांना भेटायचं त्यांच्या सवडीची वेळ विचारून. वेचक बायांना दुपारी तीननंतर, शेतमजुरांना रात्री जेवणानंतर. आपण कोण, कोणाच्या पैशाने आलो, आपल्याला यातून काय मिळणार (पदवी, लेख, बढती) हे तोंडभर सांगावं. लपवलं तरी लोकांना कळतंच. मग आधी कोण कोण येऊन गेलं आणि त्यातून काय झालं, ते विचारावं आणि शांतपणे ऐकून घ्यावं. राग निघेल, निघू द्या. चहा दिला तर प्यावा. परत कधी यायचं, हे त्यांना ठरवू द्यावं, आणि त्यांनी सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळी, पाऊस असला तरी जावं.